तीस, पंचेचाळीस की नव्वद गुंठे?

वाचकाचं पत्र (थोडं आटोपून):

“वय ५८, राहायला इंदिरानगर, नाशिक. माहेर निफाड तालुक्यात, पिंपळगाव बसवंतजवळ. वडील २००१ साली गेले. मागे आई, आम्ही दोघी बहिणी आणि धाकटा भाऊ. आमची दोघींची लग्नं १९९४ च्या आधी झालेली. जमीन नऊ एकर, बहुतेक द्राक्षबाग. यंदा भाऊबीजेला हक्कसोडपत्राचा विषय निघाला. मी सही करत नाही म्हटल्यावर भाऊ म्हणाला, ‘वडील २००५ च्या आधी गेले, तुमचा हक्कच नाही. शिवाय १९९८ साली दादांनी (वडिलांनी) तोंडी वाटप करून निम्मी जमीन माझ्या नावे केली, त्याचा फेरफार आहे.’ त्याच्या वकिलांनी सुप्रीम कोर्टाचा २०१५ चा निकाल दाखवला. आमच्या ओळखीच्या वकिलांनी २०२० चा दाखवला, तो बरोबर उलटा. कलम एक, कोर्ट एक, मग अर्थ दोन कसे? न्यायाधीश म्हणतील तोच कायदा असेल, तर पुस्तक कशाला छापायचं? आणि घटनेत समानता आहे, तर कलम १४ घेऊन मी सरळ हायकोर्टात जाऊ का?”

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: हायकोर्टात जाऊ नका. पहिल्याचंही देऊन टाकतो: आज २०२० चा निकाल चालतो. भावाच्या वकिलांनी दाखवलेला निकाल खोटा नाही, पण तुमच्या मुद्द्यापुरता तो आता कायदा राहिलेला नाही. मात्र २०२० चा निकाल हातात आला म्हणजे नऊ एकरांतला वाटा हातात आला, असंही समजू नका. मधे १९९८ चा फेरफार (महसूल दफ्तरातली बदलाची नोंद) उभा आहे आणि खरी झुंज तिथेच होणार आहे.

कलम आहे हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ चं सहावं. ते २००५ साली बदललं आणि नवं रूप ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालं. त्यातलं कळीचं वाक्य थोडक्यात असं: अधिनियम सुरू झाल्यापासून सहदायादाची मुलगी जन्मानेच, मुलासारखीच, स्वतःच्या हक्काने सहदायाद होईल. सहदायाद म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः वाटा असलेला. वकील त्यालाच कोपार्सनर म्हणतात.

या एका वाक्यात दोन शब्द एकमेकांना ओढतात. ‘सुरू झाल्यापासून’ पुढे बघायला सांगतो, ‘जन्मानेच’ मागे बघायला सांगतो. मुलगी जन्मली १९६७ साली, कायदा आला २००५ साली. वजन कोणत्या शब्दावर टाकायचं?

प्रकाश विरुद्ध फुलवती या खटल्यात १६ ऑक्टोबर २०१५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने वजन पहिल्या शब्दावर टाकलं. हक्क नव्याने देणारा कायदा, तसं स्पष्ट म्हटलेलं नसेल तर, पुढच्या काळालाच लागू होतो, हा जुना आणि मान्य नियम. त्यावरून पीठाने सांगितलं की ९ सप्टेंबर २००५ रोजी हयात असलेल्या सहदायादाच्या हयात मुलीलाच हा हक्क आहे. मग १ फेब्रुवारी २०१८ रोजी दानम्मा खटल्यात दुसऱ्या दोन न्यायमूर्तींनी मुलींना बरोबरीचा हिस्सा दिला. त्या खटल्यातले वडीलही २००१ सालीच वारलेले होते. म्हणजे सारख्याच संख्येची दोन पीठं दोन दिशांना गेली आणि खालची न्यायालयं पेचात पडली. असं झालं की प्रश्न मोठ्या पीठाकडे जातो. तो गेला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात तीन न्यायमूर्तींनी वजन ‘जन्मानेच’ या शब्दावर टाकलं. हक्क जन्माने येतो, वडिलांच्या मृत्यूने येत नाही. म्हणून ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची अट नाही. हक्क बजावता येईल तो ९ सप्टेंबर २००५ नंतर, पण त्याचं मूळ जन्मात आहे. २०१५ चा निकाल या पीठाने रद्दबातल ठरवला. घटनेच्या कलम १४१ प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या न्यायालयांना बांधतो, आणि त्या न्यायालयाच्या दोन पीठांत विसंवाद असेल तर मोठ्या पीठाचं चालतं. निफाडच्या दिवाणी न्यायाधीशांपुढे २०१५ चा निकाल ठेवला, तर तुमच्या वकिलांनी २०२० च्या निकालातला तो रद्द करणारा परिच्छेद दाखवायचा. दोन मिनिटांचं काम.

न्यायाधीश म्हणतील तोच कायदा, असं तुम्हाला वाटलं त्यात नवल नाही. पण २०१५ चं वाचन का टिकलं नाही ते पाहा. कलमात ‘सहदायादाची मुलगी’ एवढंच आहे, ‘हयात सहदायादाची’ असं नाही. तो शब्द बाहेरून घातला गेला होता. न्यायालयाने गाळलेली जागा भरू नये, संसदेने जे लिहिलं नाही ते लिहू नये, हा अर्थ लावण्यातला सगळ्यांत कडक नियम. मोठ्या पीठाने बाकीचं बरंच काही सांगितलं: जुन्या कलमातली ‘काल्पनिक वाटणी’ (मृत्यूच्या दिवशी वाटणी झाली असं धरून मृताचा हिस्सा काढणं) हिशेबापुरती होती, तिने कुटुंबाची खरी वाटणी झाली असं होत नाही, आणि दुरुस्तीचा हेतू मुलीला मुलाच्या बरोबरीने आणण्याचा होता. तरी कण्याचं हाड हेच, की कलमात नसलेली अट लादता येत नाही. सुरुवात मात्र दोन्ही पीठांनी कलमातल्या शब्दांपासूनच केली होती. मर्जीने अर्थ लावला असं दोघांबद्दलही म्हणता येत नाही.

तुम्ही ‘१९९४ च्या आधी’ असं मुद्दाम लिहिलंय, म्हणजे कुणीतरी तुम्हाला महाराष्ट्राची जुनी दुरुस्ती सांगितलेली दिसते. राज्याने २२ जून १९९४ पासून मुलींना हा हक्क दिला होता, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्रीय कलमात लग्नाची अट नाही, म्हणून ती तारीख तुम्हाला आता अडवत नाही.

आता हिशेब. नऊ एकर म्हणजे ३६० गुंठे.

भावाचं म्हणणं धरून जुना कायदा लावला, तर वडील वारले त्या दिवशी काल्पनिक वाटणी मांडायची: वडील, आई आणि भाऊ, प्रत्येकी एक तृतीयांश. वडिलांचे १२० गुंठे चार वारसांत जातात. तुमच्या वाट्याला ३०. म्हणजे ‘तुमचा हक्कच नाही’ हे वाक्य जुन्या कायद्यानेही खोटं आहे. वडिलांच्या हिश्श्यात मुलगी १९५६ पासून वारस आहे, आणि निफाड-दिंडोरीत हक्कसोडीच्या सह्या होताना हे एक वाक्य कुणी मोठ्याने बोलत नाही.

२०२० च्या निकालाप्रमाणे वडील, आई, भाऊ आणि तुम्ही दोघी असे पाच वाटे, प्रत्येकी ७२ गुंठे. वडिलांचे ७२ पुन्हा चौघांत, प्रत्येकी १८. तुमचे झाले ९०, म्हणजे सव्वादोन एकर.

१९९८ चं तोंडी वाटप अगदी खरं धरलं, तरी निम्मी जमीन, १८० गुंठे, वडिलांच्या नावावर राहिली होती. ती मृत्युपत्राशिवाय गेली असेल तर चार वारसांत निदान ४५ गुंठे तुमचे. म्हणून मृत्युपत्र आहे का, हे भावाला लेखी विचारा. तोंडी विचारलंत तर उत्तर दर दिवाळीला बदलेल.

भांडण कशाचं आहे ते आता उघड झालं. फेरफार टिकला तर ४५, पडला तर ९०. आणि तो टिकतो का, हा परत कलमाच्या वाचनाचाच प्रश्न आहे.

कलम ६ च्या पाचव्या पोटकलमात म्हटलंय की २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटणीला हे कलम लागू नाही. (दुरुस्तीचं विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं तो हा दिवस. विधेयकाची बातमी ऐकून घाईघाईने कागद रंगवले जाऊ नयेत म्हणून रेघ तिथे ओढली.) खाली एक स्पष्टीकरण आहे: वाटणी म्हणजे नोंदणी कायदा, १९०८ खाली रीतसर नोंदवलेल्या वाटणीपत्राने झालेली, किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली. इथे ‘म्हणजे’ या शब्दाकडे नीट बघा. कायद्यात व्याख्या दोन तऱ्हांनी लिहितात. ‘यात समाविष्ट आहे’ असं लिहिलं तर यादी उघडी असते, तिच्यात आणखी काही बसू शकतं. ‘म्हणजे’ लिहिलं की दार बंद. तोंडी वाटप या दोन प्रकारांत नाही, तलाठ्याकडे दिलेली वर्दीही नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराने केलेलं वाटप असेल, तर तेही न्यायालयाचा हुकूमनामा नव्हे, कारण तहसीलदार म्हणजे दिवाणी न्यायालय नव्हे.

एवढ्यावर तुम्ही जिंकल्यात असं वाटेल, पण २०२० च्या पीठाने त्या बंद दाराला एक फट ठेवली आहे. नुसत्या तोंडी पुराव्यावरचं वाटप सरळ फेटाळायचं. मात्र अपवाद म्हणून, तोंडी वाटपाला सरकारी दस्तऐवजांचा आधार असेल आणि वाटप शेवटी हुकूमनाम्याने झाल्यासारखंच पक्कं दिसत असेल, तर ते स्वीकारता येईल. आमच्या मते कलमाचे शब्द पाहता ही फटसुद्धा उदारच आहे. पण ती आहे, आणि भावाचे वकील तिच्यातूनच येतील.

म्हणून कागद गोळा करायचे ते या फटीच्या मापाने. १९९८ च्या फेरफाराची प्रमाणित नक्कल काढा आणि तीत बघा: नोंद कुणाच्या वर्दीवरून झाली, वडिलांची सही किंवा अंगठा आहे का, हितसंबंधितांना नोटीस गेली का, मंडळ अधिकाऱ्याने कोणत्या तारखेला प्रमाणित केली, कलम ८५ च्या आदेशाचा क्रमांक आहे की नुसतं ‘तोंडी वाटपाने’ असं लिहिलंय. त्यानंतर १९९५ ते २००५ पर्यंतचे सातबारे आणि आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा). गटाला पोटहिस्से पडले का? मोजणी झाली का? खरोखर वाटणी झाली असेल तर सोसायटीचं पीककर्ज दोघांचं वेगळं उचललेलं असतं, पाणीपट्टी वेगळी, विहिरीवरचं वीज कनेक्शन वेगळं. एकाच खात्यावर कर्ज, द्राक्षाची पट्टी (विक्रीचा हिशेब) एकाच नावाने आणि घरखर्च एकत्र, असं निघालं तर ती वाटणी कागदावरची. सोसायटीतलं कर्ज कमी व्याजात किंवा जास्त मिळावं म्हणून केलेली खातेफोड आपल्याकडे काही नवी नाही, आणि न्यायालयालाही ती ओळखता येते.

सगळ्यांत बोलका कागद २००१ नंतरची वारस नोंद. तुम्हा बहिणींची नावं कोणत्या क्षेत्राला लागली? पूर्ण नऊ एकरांना लागली असतील, तर १९९८ साली वाटप झालं हे भावालाही तेव्हा आठवलं नव्हतं असा अर्थ निघतो. साडेचार एकरांनाच लागली असतील तर तो कागद त्याच्या बाजूचा. नावं ‘इतर हक्क’ रकान्यात घातलेली असली तरी घाबरू नका. सातबारा हक्क निर्माण करत नाही, तो महसुलासाठी आहे. महसूल संहितेचं कलम १५७ एवढंच म्हणतं की उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी धरावी. उलट सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र तुमची, हे विसरू नका.

एक पायरी याच्याही आधीची आहे आणि बहुतेक दाव्यांत तीच कच्ची राहते. जमीन वडिलांकडे आली कशी? ‘वडिलोपार्जित’ हा शब्द आपण सैल वापरतो. आजोबा १९५६ च्या कायद्यानंतर वारले आणि त्यांची स्वतःची जमीन वडिलांना वारसाने आली, तर ती वडिलांची स्वतंत्र मिळकत ठरते. चंदर सेन खटल्यात १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ८ चा हाच अर्थ लावला. वडील कूळ होते आणि कूळकायद्याचं ३२-म चं (कुळाने जमीन विकत घेतल्याचं) प्रमाणपत्र त्यांच्या नावे असेल, तर ते कुटुंबासाठी होतं की स्वतःसाठी, हा पुराव्याचा प्रश्न. गंमत अशी की स्वतंत्र मिळकत निघाली आणि मृत्युपत्र नसेल, तर चार वारस, प्रत्येकी पाव, म्हणजे परत ९० गुंठेच. आणि कलम ६ चा सगळा वाद गैरलागू. एकत्र मिळकत म्हणून अडून बसण्यापेक्षा दावा दोन्ही पायांवर उभा करा: आधी एकत्र कुटुंबाची मिळकत, ते मान्य न झाल्यास वडिलांची स्वतंत्र.

आता कलम १४. मूलभूत हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध असतात: सरकार, महापालिका, जिल्हा परिषद. भाऊ राज्यसंस्था नाही. त्याच्याविरुद्ध रिट याचिका नेलीत तर उच्च न्यायालय दिवाणी दावा करा म्हणून परत पाठवेल, शिवाय १९९८ ला वाटप झालं की नाही असला साक्षीपुराव्याचा वाद घटनेच्या कलम २२६ खाली (रिट याचिकेत) सहसा ऐकतच नाहीत. वर्ष जाईल आणि खर्चही.

मग घटना कुठे कामाला येते? कलमाचे दोन अर्थ सरळ निघत असतील, तेव्हा घटनेशी जुळणारा घ्यायचा. याचं उत्तम उदाहरण गीता हरिहरन खटला, १९९९. अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक ‘वडील आणि त्यांच्यानंतर आई’ असं कायद्यात होतं. ‘नंतर’ म्हणजे वडील वारल्यावरच, असं वाचलं तर आई दुय्यम ठरते आणि समानतेला धक्का लागतो. न्यायालयाने कलम रद्द केलं नाही; ‘नंतर’ म्हणजे ‘वडिलांच्या अनुपस्थितीत’ असं वाचलं, आणि वडील हयात असूनही लक्ष घालत नसतील तर आई पालक. एका शब्दाच्या वाचनाने कलमही वाचलं आणि आईचा हक्कही. उलट १९८६ च्या मेरी रॉय खटल्यात केरळातल्या ख्रिस्ती मुलींचा वारसाहक्क नुसत्या कायद्याच्या वाचनाने सुटला, म्हणून कलम १४ च्या प्रश्नात न्यायालय शिरलंच नाही. साध्या कायद्याने सुटणाऱ्या वादात घटना ओढायची नाही, ही न्यायालयांची सवय. तुमचा वाद तसाच आहे. आदिवासी कुटुंबांचं मात्र वेगळं. पेठ, सुरगाणा, कळवणच्या वाचक बहिणींनी हे लक्षात घ्यावं: हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २(२) मुळे तो अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. तिथे लिखित कायदाच नाही, म्हणून जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम १४ चा आधार घेऊन मुलीकडच्या वारसांना वाटा दिला.

तुमची वाट साधी: वाटपाचा आणि वेगळ्या ताब्याचा दिवाणी दावा, जमीन निफाड तालुक्यात म्हणून निफाडला. तहसीलदाराकडे कलम ८५ चा अर्ज करून बसू नका. मालकीचा वाद निघाला की दिवाणी निकाल येईपर्यंत तहसीलदाराला वाटप करता येत नाही, आणि भाऊ तो पहिल्याच तारखेला काढेल. दाव्यात आई आणि बहीण दोघींना पक्षकार करा, त्या तुमच्या बाजूच्या असोत नसोत. मिळकती सगळ्या लिहा: प्रत्येक गट, राहतं घर, विहीर, खळं. एखादी सुटली की ‘अपुऱ्या वाटपाचा दावा’ अशी हरकत येते. कोर्ट फीचं आधी विचारून घ्या. राज्य शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने काही प्रकारच्या वादांत स्त्री पक्षकाराला ती माफ आहे; तुमचा दावा त्यांत बसतो का ते वकिलांना विचारा, आणि बसत असेल तर अधिसूचनेचा उल्लेख दाव्यात करा. वकील परवडत नसेल तर नाशिकच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

दाव्यासोबतच तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज द्या, जमीन विकू किंवा गहाण ठेवू नये एवढ्यापुरता. बाग कसायला मनाई मागू नका. छाटणीच्या तोंडावर बाग बंद पाडणारा अर्ज न्यायाधीशांना आवडत नाही आणि नुकसान तुमच्याही वाट्याचं होतं. दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकांकडे नोंदवून ठेवा, म्हणजे पुढचा खरेदीदार ‘मला माहीत नव्हतं’ म्हणू शकणार नाही.

मुदत बारा वर्षं, आणि ती मोजायची मिळकतीतून वगळल्याचं तुम्हाला कळल्यापासून. तुमच्या पत्रावरून ते यंदाच्या भाऊबीजेला कळलं. भावाचे वकील म्हणतील १९९८ ला कळलं. म्हणून मधल्या वर्षांत द्राक्षाच्या पैशातून काही आलं असेल, बँकेत जमा झालं असेल, सोसायटीच्या किंवा बँकेच्या कागदावर सहहिस्सेदार म्हणून सही घेतली असेल, तर ते शोधा. एक वकिली नोटीस पाठवून त्याचं उत्तर लेखी मिळवलंत तर नकाराची तारीखही पक्की होते.

प्राथमिक हुकूमनामा हिस्से ठरवतो. मग शेतजमिनीची सरस-निरस (चांगली-हलकी जमीन सगळ्यांना सारखी येईल अशी) वाटणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. भावाने मांडव, ठिबक, नवी लागवड केली असेल, तर तो तुकडा शक्यतो त्याच्याकडे ठेवून तुम्हाला दुसरीकडे क्षेत्र देता येतं. तडजोडीचं बोलणं निघालं तर ते इथूनच सुरू करा. ३० वर बोलणी सुरू झाली तर उठून या. ४५ च्या वर आणि रोख रक्कम असं काही पुढे आलं, तर १९९८ च्या फेरफाराची नक्कल बघूनच उत्तर द्या. फेरफारावर वडिलांची सही नसेल, तर ९० वरून खाली येऊ नका.

हक्कसोडपत्रावर तोवर सही नको, ‘नुसतं बँकेच्या कामासाठी’ म्हणून आणलं तरी नको. नोंदवलेलं हक्कसोडपत्र नंतर रद्द करून घ्यायचं तर फसवणूक किंवा दडपण तुम्हाला सिद्ध करावं लागेल, आणि मग वर लिहिलेल्या सगळ्या निकालांचा उपयोग त्यानंतरच.

आईचंही एक. तिचा वाटा तुमच्याएवढाच आहे आणि ती भावाकडे राहते. तिच्या वाट्याचं बक्षीसपत्र भावाच्या नावे झालंय का, हे दुय्यम निबंधक कार्यालयातल्या सूची दोनमध्ये (नोंदवलेल्या दस्तांच्या यादीत) बघून घ्या. फेरफाराच्या नकलेसाठी निफाडला जाल, त्याच फेरीत होईल.